दूरदृश्य संवाद प्रणाली

दूरदूरच्या व्यक्तींना एकमेकांचा आवाज व चित्र त्याच क्षणी पोहोचवणारी व्यवस्था. शासकीय पत्रांत ‘दूरदृश्य प्रणाली’; सातारा-सांगलीच्या कचेऱ्यांत मात्र नुसते ‘व्हीसी’ (व्हिडिओ कॉन्फरन्स).

उगमाविषयी मतभेद आहेत. ७ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांचे हलते चित्र वॉशिंग्टनहून न्यूयॉर्कला तारेने पाठवले. काही अभ्यासक तेथून आरंभ धरतात. त्या वेळी आवाज दुतर्फा होता, चित्र एकतर्फी. त्यामुळे १९३६ च्या बर्लिन–लाइपझिग सार्वजनिक चित्र-दूरध्वनी सेवेस पहिला मान देणे अधिक सयुक्तिक वाटते. पिट्सबर्गची ‘पिक्चरफोन’ सेवा (१९७०) महागडी ठरून मागे पडली. हे सारे दोघांपुरते होते; संगणकावरील बहुजनांची बैठक साधारणतः १९९० च्या दशकातली.

आजच्या साधनांची तुलना बहुधा बटणे व सोयींवरून होते. खरा भेद प्रवाह, म्हणजे प्रत्येक ठिकाणाहून सतत निघणारे चित्र व आवाज, कोठे एकत्र येतात यात आहे. सातारा जिल्ह्याचे ११ तालुके आणि मुख्यालय अशी १२ ठिकाणे थेट एकमेकांना जोडली, तर प्रत्येकाला ११ प्रवाह पाठवावे लागतात, एकूण १३२. तालुक्याच्या जोडणीवर हा भार पेलत नाही. जुन्या बहुबिंदू यंत्रात सर्व चित्रे मध्यभागी मिसळून एकच चित्र परत येई. प्रत्येक ठिकाणाचा भार हलका, पण यंत्र खर्चिक व विलंब जास्त. प्रवाह न मिसळता केवळ पुढे धाडणारा सर्व्हर हा मधला मार्ग. प्रत्येक ठिकाण एकदाच पाठवते. गूगल मीट व जित्सी (मुक्त-स्रोत बैठक प्रणाली) याच मार्गाने चालतात. दोन्ही वेबआरटीसीवर, म्हणजे ब्राउझरमधूनच थेट आवाज व चित्र पाठवण्याच्या तंत्रावर, उभी आहेत. हे तंत्र गूगलने २०११ मध्ये खुले केले आणि जानेवारी २०२१ मध्ये ते अधिकृत मानक झाले. जित्सी स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते, हा संस्थांसाठी मोठा गुण. झूमचा भर स्वतंत्र ॲपवर आहे.

विलंबाची मर्यादा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एका दिशेस सुमारे १५० मिलिसेकंद सुचवली आहे. भूस्थिर उपग्रहावरून एका दिशेचे बोलणे वर जाऊन खाली येण्यासच सुमारे २५० मिलिसेकंद लागतात, म्हणून त्या जोडणीवर दोघे एकाच वेळी बोलू लागतात.

डोंगराआडच्या खोऱ्यांत, विशेषतः कोयनेच्या जलाशयापलीकडे, चित्र बंद ठेवणे उत्तम: ऑपस ही ध्वनिपद्धती सेकंदाला ६ किलोबिटांवरही बोलणे पोहोचवते.