बोटाएवढा ड्राइव्ह आणि नागपूरचा मे महिना

एप्रिल-मेच्या लग्नसराईत नागपुरातल्या फोटोग्राफरांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. शूटिंगचा डेटा कॉपीला लावला की सुरुवातीला भराभर जातो, मग वेग एकदम पडतो, आणि ड्राइव्ह हातात घ्यावा तर चटका बसतो. मालच खराब आला, असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं; तापलेला ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो.

फुजिओ मासुओका यांनी तोशिबात काम करताना फ्लॅश मेमरी शोधली. १९८४ मध्ये ती जगापुढे आली आणि १९८७ मध्ये तिचा नॅंड हा प्रकार. आजच्या पेनड्राइव्ह आणि एसएसडीमध्ये (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये) तोच असतो. यात माहिती साठवायची म्हणजे इन्सुलेटरच्या अतिशय पातळ थरातून इलेक्ट्रॉन पलीकडे ढकलायचे आणि तिथेच कोंडून ठेवायचे. त्यासाठी २० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. चिपला मिळतात जेमतेम तीन, म्हणून उरलेला दाब ती स्वतःच्या आत तयार करते. वाचण्यापेक्षा लिहिताना ड्राइव्ह जास्त तापतो, त्याचं एक मूळ इथे आहे.

२००० साली बाजारात आलेल्या पहिल्या पेनड्राइव्हमध्ये ८ एमबी मावायचे. तेव्हा तापण्याचा प्रश्नच नव्हता, कारण डेटा फार हळू जायचा. पुढे यूएसबी २.० आलं, त्याचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आणि पोर्टमधून मिळणारी वीज अडीच वॅट. खरा बदल २००८ च्या यूएसबी ३.० ने केला: वेग दहापट, वीज साडेचार वॅट. त्याच काळात किंमत उतरवण्यासाठी इलेक्ट्रॉन कोंडायच्या एकेका कप्प्यात, म्हणजे सेलमध्ये, तीन-तीन बिट भरले जाऊ लागले. त्यामुळे चुका वाढल्या आणि त्या सुधारण्याचं काम कंट्रोलरवर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार पाहणाऱ्या चिपवर, पडलं. ड्राइव्हमधला सगळ्यात तापट भाग हा कंट्रोलरच. नॅंड थोडी ऊब सहज सोसते. एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) एनव्हीएमई ही वेगवान जातीची एसएसडी टाकली तर यूएसबीशी जुळवणारी आणखी एक चिप येते, आणि तीही तापते.

वेग वाढत गेला आणि डबी मात्र लहान होत गेली. हवेला लागणारा पृष्ठभागच उरला नाही, तर उष्णता जाणार कुठून?

इथे नागपूरचा हिशेब वेगळा होतो. उष्णता बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर. समजा, कंट्रोलर ७० अंशांवर स्वतःचा वेग कमी करतो. २५ अंशांच्या खोलीत त्याच्या हाताशी ४५ अंशांचा फरक असतो, ४५ अंशांच्या खोलीत फक्त २५ चा. म्हणजे बाहेर टाकता येणारी उष्णता जवळपास निम्म्यावर आली. या शहराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिले आहेत, आणि नवतपा तर दरवर्षीच येतो. (वेग पडूनही ड्राइव्ह थंडच असेल तर कारण बहुधा कॅश, म्हणजे ड्राइव्हमधली झटपट लिहायची तात्पुरती जागा, भरल्याचं असतं; तिथे पंखा लावून उपयोग नाही.)

उपाय याच हिशेबातून निघतात. ॲल्युमिनियमचं एन्क्लोजर घ्यावं आणि चिप व धातू यांच्यामध्ये थर्मल पॅड नीट बसला आहे ना, ते पाहावं. पॅड नसेल तर आतली उष्णता धातूपर्यंत पोचतच नाही. अशी डबी हाताला गरम लागणं हे चांगलंच लक्षण, उष्णता बाहेर येते आहे. रबरी कव्हर कॉपी करताना काढून ठेवावं. छोटा पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या तापलेल्या अंगाला चिकटून बसतो. वीतभर एक्स्टेन्शन केबलने तो दूर होतो. मोठी कॉपी पहाटे लावावी. घाई नसेल तर यूएसबी २.० चं पोर्टही चालतं, वेळ लागेल पण ड्राइव्ह शांत राहील. कूलरसमोर मात्र ठेवू नये, झोतासोबत पाण्याचे तुषार येतात. फ्रिजमध्ये तर मुळीच नाही. बाहेर काढताच आतबाहेर दव धरतं.

कॉपी संपल्यावरही उन्हाळा संपत नाही. ठरवून दिलेलं आयुष्य वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांवर १ वर्ष डेटा टिकवावा, असं उद्योगाचं मानक आहे. तापमान वाढेल तशी ही मुदत झपाट्याने घटते, कारण कोंडलेले इलेक्ट्रॉन उष्णतेत लवकर निसटतात. नव्या ड्राइव्हला बराच जास्त अवधी मिळतो. तरी कुणाच्या लग्नाचं मूळ चित्रीकरण असलेला ड्राइव्ह मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत सोडू नये, आणि त्याची दुसरी प्रत हार्डडिस्कवर असावी.