प्रेस्बिटेरियन पाळकीय सेवा आणि लहान मुलांचे संगोपन

प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत (चर्चमध्ये) दीक्षित पाळक म्हणून सेवा करीत असतानाच घरी लहान मुले वाढविण्याची दुहेरी जबाबदारी. विवाहित पाळकांच्या सर्वच ख्रिस्ती परंपरांत हा प्रश्न आहे. प्रेस्बिटेरियन परंपरेत मात्र त्याला वेगळे वळण मिळते. येथे मंडळीचा कारभार एकट्या पाळकाच्या हाती नसतो, मंडळीने निवडलेले वडील (एल्डर, म्हणजे मंडळीतील ज्येष्ठ पुढारी) त्याच्या बरोबरीने तो पाहतात. शिवाय मुलांना विश्वासात वाढविणे हे घरच्या कर्त्याचे कर्तव्य आहे, असे या परंपरेने केवळ सांगितले नाही, तर त्यावर मंडळीची देखरेखही ठेवली. त्यामुळे पाळकाचे घर सेवेबाहेर राहत नाही. ओढाताण सुरू होते ती इथूनच, आणि तिच्यावरचा सर्वांत खरा उपायही याच व्यवस्थेत आहे.

पार्श्वभूमी

पाश्चात्त्य चर्चमध्ये धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याची शतकानुशतकांची प्रथा सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने मोडली. झ्विंग्लीने १५२४ मध्ये आणि ल्यूथरने १५२५ मध्ये विवाह केला. जिनिव्हाच्या सुधारणेचा अध्वर्यू जॉन कॅल्व्हिन याने १५४० मध्ये इडलेट द ब्यूर या दोन मुलांच्या विधवा आईशी लग्न केले. त्यांना १५४२ मध्ये झालेला मुलगा अल्पावधीतच दगावला. १५४९ मध्ये इडलेट मरणशय्येवर असताना, तिच्या मुलांची आबाळ होऊ देणार नाही असे वचन कॅल्व्हिनने तिला दिले. स्कॉटलंडच्या जॉन नॉक्सची परिस्थिती याहून बिकट होती. १५६० हे स्कॉटिश धर्मसुधारणेचे निर्णायक वर्ष. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची पत्नी मार्जरी बोज वारली आणि दोन-तीन वर्षांचे दोन मुलगे त्याच्या पदरी राहिले. नव्या राष्ट्रीय चर्चची घडी बसविण्याचे काम आणि आईविना पोरांचे घर, दोन्ही त्याला एकाच वेळी सांभाळावे लागले.

नॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी तयार केलेल्या शिस्तीच्या पहिल्या ग्रंथात पाळकाच्या वेतनाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही विचार केलेला आहे. पाळकाच्या हयातीत त्याचे घर चालावे आणि त्याच्या पश्चात मुलांचे शिक्षण व मुलींची सोय व्हावी, अशी तरतूद त्यात सुचविली होती. तिची अंमलबजावणी अर्धवटच झाली. तरी पाळकाची मुले ही मंडळीचीही जबाबदारी आहेत, हा विचार तेव्हापासून कायम राहिला. १७४४ मध्ये स्कॉटलंडमध्ये पाळकांच्या विधवा व मुलांसाठी निधी उभा राहिला. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोन पाळकांनी मृत्युमानाचा हिशेब मांडून तो बेतला होता. विमाशास्त्राच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे.

घरातील उपासनेबाबत नियम कडक होता. स्कॉटलंडच्या चर्चच्या सर्वोच्च सभेने, म्हणजे जनरल असेंब्लीने, १६४७ मध्ये कौटुंबिक उपासनेची मार्गदर्शिका मंजूर केली. घरचा कर्ता उपासना चुकवीत असेल तर त्याला आधी खासगीत समज द्यावी, मग सेशनने (मंडळीचा पाळक आणि वडील यांच्या सभेने) कानउघाडणी करावी आणि तरीही तो सुधारला नाही तर त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावे, असे तिच्यासोबतच्या ठरावात म्हटले आहे. विश्वासाचे शिक्षण देणारी १०७ प्रश्नांची वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरावली याच काळातली. दुसऱ्यांच्या घरची उपासना तपासणाऱ्या पाळकाला स्वतःच्या घरी ती टाळता येणे शक्यच नव्हते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचन (३:४-५) यामागे उभे आहे: ज्याला स्वतःचे घर नीट चालविता येत नाही, तो देवाची मंडळी कशी सांभाळणार? या वचनाचा उपयोग बहुधा मुलांच्या वागणुकीवर बोट ठेवण्यासाठी होतो. त्याचा रोख मात्र मुलांवर नसून मोठ्यांवर आहे. घराला वेळ न देणारा पाळक कितीही राबला तरी या कसोटीला उतरत नाही.

सेवेचा दिवस आणि मुलाचा दिवस

आठवड्याचे प्रवचन, आजाऱ्यांच्या भेटी, विवाह, अंत्यविधी, बाप्तिस्म्याची तयारी, वर्ग आणि सभा असे पाळकाचे काम असते. वडील आणि मंडळीतील इतर लोक दिवसा आपापल्या नोकरीधंद्यात असल्याने सभा संध्याकाळी भरतात. लहान मुलाचे जेवण, अंघोळ आणि झोप नेमकी याच वेळी येते. नाताळ, पवित्र सप्ताह आणि ईस्टर हे इतर घरांत एकत्र येण्याचे दिवस. पाळकाच्या घरात ते सर्वाधिक कामाचे. रविवारी सकाळी पाळक लवकर बाहेर पडतो. मुलांना तयार करून आणणे आणि संपूर्ण उपासनाभर त्यांना सांभाळत बसणे हे जोडीदाराच्या वाट्याला येते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आपले बाबा किंवा आई समोर व्यासपीठावर दिसतात, पण त्यांच्याकडे धावत जाता येत नाही, हे त्याला समजावणे अवघड असते.

या कामाच्या काही जमेच्या बाजूही आहेत. कामाच्या वेळा लवचीक असल्याने आजारी मुलाजवळ दुपारी बसता येते, त्याला शाळेतून आणता येते. अडचण अशी की हे काम कधी संपल्यासारखे वाटत नाही. प्रवचन आणखी चांगले होऊ शकते, आणखी एका घरी जायला हवे होते, ही रुखरुख घरातही सोबत येते. मनावरचा भार तर वेळेच्या हिशेबात कुठेच धरला जात नाही. एखाद्या बालकाचा अंत्यविधी आटोपून आलेल्या पाळकाला तासाभरात स्वतःच्या बाळाला न्हाऊ घालायचे असते. ते दुःख कुणापाशी बोलायचे तर गोपनीयता आड येते आणि दाबून टाकायचे तर ते मुलांवरच्या चिडचिडीतून बाहेर पडते.

मंडळीच्या मालकीचे पाळकनिवास, ज्याला स्कॉटिश परंपरेत मॅन्स म्हणतात, हा आणखी एक पेच. घरभाड्याची चिंता मिटते आणि काम जवळ असते. पण दाराशी कोणीही केव्हाही येते, फोनवरची नाजूक बोलणी मुलांच्या कानावर पडतात आणि सेवा संपली की घरही सोडावे लागते.

वडीलजनांची भूमिका

प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत पाळक आणि वडील मिळून सेशन बनते. सेशनच्या वर प्रेस्बिटरी (एका भागातील मंडळ्यांची सभा) आणि तिच्यावर जनरल असेंब्ली असते. अनेक ठिकाणी या दोहोंच्या मध्ये सिनड ही आणखी एक सभा असते. वडील हे सल्लागार किंवा हिशेब तपासनीस नव्हेत, मंडळीचा सांभाळ करण्यासाठीच त्यांची दीक्षा झालेली असते. ते जिथे घरोघरी जातात, आजाऱ्यांसोबत प्रार्थना करतात, सभा चालवितात, तिथे पाळकाला संध्याकाळी घरी राहता येते. ते फक्त ठरावाला हात वर करण्यापुरते उरले की सारा भार एकाच माणसावर पडतो. बाहेरून याला वेळेचे नियोजन न जमणे म्हटले जाते. बिघाड मात्र सेशनमध्ये असतो.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील पाळक यूजीन पीटरसन (१९३२–२०१८) यांचे. १९६२ मध्ये त्यांनी मेरीलँड राज्यात एक मंडळी स्थापन केली आणि २९ वर्षे तिची सेवा केली. सुरुवातीच्या काळात एका संध्याकाळी त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीने गोष्ट वाचून दाखवायला सांगितले. त्यांना सभेला जायचे होते. सलग किती रात्री ते घराबाहेर आहेत, ते तिने त्यांना मोजून सांगितले. सभेत जाऊन त्यांनी वडिलांपुढे राजीनामा ठेवला. प्रार्थना, अभ्यास आणि माणसे यांसाठी मोकळा असलेला पाळक व्हायचे आहे, पण कारभार चालवून ते जमत नाही, असे ते म्हणाले. त्यावर, मंडळीचा कारभार आम्हालाच का चालवू देत नाही, असे वडिलांनी विचारले. राजीनामा मागे पडला. पुढे पती-पत्नीने सोमवार हा शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) म्हणून कटाक्षाने पाळला. मुले शाळेत असताना ती दोघे रानात चालायला जात.

सुट्टी, अभ्यासरजा, निवास आणि वेतन यांची नोंद पाचारणाच्या (मंडळीने पाळकाला सेवेसाठी बोलावण्याच्या) अटींमध्ये होते आणि त्यांना प्रेस्बिटरीची संमती लागते. बाळाच्या जन्मानंतरची रजाही तिथेच लेखी असणे हिताचे ठरते. बाळ येण्याच्या सुमारास ती मागणे कुणालाही जड जाते. रजेच्या काळात सेशनचे अध्यक्षपद कोणी सांभाळायचे आणि व्यासपीठावर कोण उभे राहणार, याची सोय प्रेस्बिटरी लावू शकते.

अमेरिकी प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळक स्थानिक मंडळीचा सभासद नसतो, तो प्रेस्बिटरीचा सभासद असतो; त्याचे कुटुंब मात्र मंडळीत असते. म्हणजे पाळकाच्या जोडीदाराचा आणि मुलांचा पाळक हा त्यांच्याच घरातला माणूस असतो. घरातच ताण निर्माण झाला तर जायचे कुणाकडे? शेजारच्या मंडळीतील एखाद्या पाळकाकडे या कुटुंबाची काळजी सोपविणारी प्रेस्बिटरी आपले काम ओळखते.

आई असलेल्या पाळक

अमेरिकेतील कंबरलँड प्रेस्बिटेरियन चर्चच्या एका प्रेस्बिटरीने १८८९ मध्ये लुईझा वूस्ली यांना दीक्षा दिली, तेव्हा त्या दोन मुलांच्या आई होत्या. त्या दीक्षेवरून चर्चमध्ये दीर्घकाळ वाद झाला. अमेरिकेतील मुख्य प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये मार्गारेट टाउनर यांना १९५६ मध्ये पाळक म्हणून दीक्षा मिळाली. चर्च ऑफ स्कॉटलंडने १९६८ मध्ये स्त्रियांना ही वाट खुली केली. १९७३ मध्ये स्थापन झालेले प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका आजही स्त्रियांना ही दीक्षा देत नाही. पुरुष पाळकाच्या घरी पाळकपत्नीचे बिनपगारी श्रम गृहीत धरले जात. आई पाळक झाली की तसे गृहीत धरायला कोणी उरत नाही आणि गरोदरपण, स्तनपान, रात्रीची जागरणे हे प्रश्न सेशनच्या टेबलावर येतात. ते आधीच यायला हवे होते.

मुलांच्या बाजूने

पाळकाच्या मुलांकडून इतरांपेक्षा जास्त शहाणपणाची अपेक्षा केली जाते. उपासनेत रडणारे वा पळणारे मूल हे अवज्ञेचे लक्षण नव्हे. वडिलाची मुले अवज्ञा करणारी नसावीत, ही तीताला लिहिलेल्या पत्रातील (१:६) अट अशा मुलाला लावणे गैर आहे. प्रवचनात मुलांचे किस्से सांगण्याचा मोह अनेकांना होतो. लहान मूल संमती देऊ शकत नाही, म्हणून विचारी पाळक ते टाळतात.

अशा घरातून आलेल्यांत अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन आणि ब्रिटनचे माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांचा समावेश होतो. दोघांचेही वडील प्रेस्बिटेरियन पाळक होते.

बालबाप्तिस्म्याच्या वेळी या मुलाला विश्वासात वाढवायला आम्ही हातभार लावू, असे वचन अनेक प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत सारी मंडळी देते. पाळकाचे मूलही त्यात येते. रविवारी पाळकाच्या जोडीदाराशेजारी जाऊन बसणे, धाकट्याला मांडीवर घेणे, पाळकाच्या सुट्टीच्या दिवशी फोन न करणे, हे त्या वचनाचे रोजच्या व्यवहारातले रूप आहे.