गोवा पोलीस : ओळखीच्या गावातून अनोळखी गर्दीत

किनाऱ्यावरच्या पोलीस स्थानकातल्या उपनिरीक्षकाला अडचण विचारली, तर तो चोरांआधी साक्षीदारांचा विषय काढील. फिर्यादी पर्यटक, आरोपी पर्यटक, पाहणाराही पर्यटक. चार दिवसांत तिघेही दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून घरी. पुढे खटला उभा राहतो, तेव्हा समन्स कुठे बजावायचे?

पोर्तुगीज राजवटीत गावपातळीवर रेजिदोर हा सरकारी अधिकारी असे. घर न् घर त्याच्या माहितीतले. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज दंडसंहिता जाऊन भारतीय कायदे आले आणि पोलिसांच्या वाट्याला 1861 चा पोलीस कायदा आला. 1857 च्या उठावानंतर रयतेवर वचक बसवायला इंग्रजांनी केलेला कायदा नुकत्याच मोकळ्या झालेल्या मुलखाला लागू व्हावा, याची मला खंत वाटते. तरीही गाव लहान होते, माणूस माहितीतला होता, म्हणून तपास चालत असे.

साठच्या दशकाच्या अखेरीस हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी उतरले आणि ही ओळखच विरत गेली. तिहार तुरुंगातून पळालेला कुख्यात खुनी चार्ल्स शोभराज एप्रिल 1986 मध्ये पर्वरीच्या एका रेस्टॉरंटात सापडला. त्याला पकडले मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी. परक्या चेहऱ्यांत परका चेहरा सहज मिसळू लागला होता.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1985 मध्ये, अमली पदार्थविरोधी कायदा आला. शिक्षा कडक, म्हणून कार्यपद्धतीही कडक. संशयिताची अंगझडती घेण्याआधी, 'दंडाधिकारी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे', हे त्याला सांगावेच लागते. ते राहिले तर झडतीतली जप्ती न्यायालयात टिकणे कठीण. नियम योग्यच आहे. निरपराध माणूस त्यानेच वाचतो. पण रात्री दोन वाजता किनाऱ्यावर पंच शोधणे, माल मोजून सील करणे, पंचनामा लिहिणे हे सारे दोन-तीन माणसांवर पडते, आणि त्यातलाच एक सकाळी मंत्र्यांच्या बंदोबस्ताला उभा असतो.

तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी सांगितले. याचिका प्रकाश सिंह यांची, म्हणजे निवृत्त पोलीस महासंचालकाचीच. ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षे हलवू नये, असेही त्या निकालात आहे. गोव्यात हे फार मोलाचे, कारण इथले वरिष्ठ अधिकारी दिल्ली, अरुणाचलसह अनेक प्रदेशांच्या सामायिक केडरमधून येतात आणि मुलूख कळेपर्यंत बदलीचा आदेश हाती पडतो.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे झाले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूदही झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन सुरू झाले, मागोमाग नाताळ, नववर्ष. बंदोबस्ताची यादी लागली आणि तिच्यात तपासावरच्या शिपायांचीही नावे होती.