उन्हाळी संशोधन फेलोशिप: अर्ज कधी, कुठे आणि कसा करायचा

मार्च-एप्रिलमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू असताना दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी तरी प्रयोगशाळेच्या दारात थांबून विचारतात, "मॅडम, सुट्टीत कुठे रिसर्च करायला मिळेल का?" मला त्या वेळी फार वाईट वाटतं. मुलं हुशार असतात, मनापासून विचारत असतात, पण तोवर बहुतेक संस्थांच्या मुदती उलटून गेलेल्या असतात. काम मे-जूनमध्ये असलं तरी त्याचा अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरायचा असतो. आणि अर्जातल्या ज्या दोन गोष्टींवर निवड ठरते, म्हणजे उन्हाळ्यात काय करायचं आहे ते सांगणारं तुमचं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र, त्या शेवटच्या आठवड्यात तयार होत नाहीत. म्हणून ही माहिती गणपतीच्या सुट्टीत वाचलीत तर जास्त उपयोगी पडेल.

कुठे अर्ज करता येतो

सुरुवात तीन विज्ञान अकादमींच्या संयुक्त फेलोशिपपासून करा. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तिघी मिळून 'समर रिसर्च फेलोशिप प्रोग्राम' चालवतात. अर्ज एकच करायचा. निवड झाली तर देशातल्या एखाद्या संस्थेत किंवा विद्यापीठात एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम करायला मिळतं, दरमहा फेलोशिपची रक्कम आणि प्रवासखर्चाला मदतही मिळते. बीएस्सी, एमएस्सी आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यात बसतात. महाविद्यालयातल्या शिक्षकांसाठीही याच योजनेत जागा असतात, हे बऱ्याच शिक्षकांच्या गावी नसतं. अर्ज सहसा नोव्हेंबरपर्यंत भरायचा असतो.

बंगळुरूजवळ जक्कूरला जवाहरलाल नेहरू सेंटर (जेएनसीएएसआर) ही संशोधन संस्था आहे. त्यांची वेगळी उन्हाळी फेलोशिप आहेच, शिवाय रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेतलेल्या एफवायच्या विद्यार्थ्यांसाठी पोसी (POCE) आणि पोबी (POBE) असे दोन कार्यक्रम आहेत. त्यात एका सुट्टीवर काम संपत नाही, सलग तीन उन्हाळे जावं लागतं. एफवायला असाल तर हे दोन आधी बघा, कारण पुढच्या वर्षी ती संधी राहत नाही.

मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी 'नियस' (NIUS) हा उपक्रम चालवतं. आधी शिबिर होतं, त्यातून निवडलेल्या मुलांना प्रकल्प मिळतो. कुलाब्याच्या टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, 'व्हीएसआरपी' आणि पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा 'व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्राम' हे दोन्ही नामांकित आहेत, पण त्यांचा भर थोड्या पुढच्या टप्प्यावर असतो. एमएस्सीचं पहिलं वर्ष किंवा इंजिनिअरिंगचं शेवटून दुसरं वर्ष, असे विद्यार्थी तिथे प्रामुख्याने घेतले जातात. आयुकातलं काम साधारण सात आठवड्यांचं असतं, आणि चांगलं काम करणाऱ्यांना तिथल्या पीएचडीच्या निवडीतही त्याचा फायदा होतो. यांचे अर्ज हिवाळ्यात निघतात. आयआयटींचे कार्यक्रम, उदाहरणार्थ कानपूरचा 'सर्ज' (SURGE) किंवा गांधीनगरचा 'एसआरआयपी', साधारण त्यानंतर येतात.

परदेशी जायचं असेल तर जर्मनीसाठी डाड (DAAD) या तिथल्या शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची 'वाईज' (WISE) आणि कॅनडासाठी तिथल्या मायटॅक्स (Mitacs) या संस्थेची 'ग्लोबलिंक' या दोन योजना आधी पाहा. ग्लोबलिंकचं काम १२ आठवडे चालतं आणि अर्ज सप्टेंबरमध्येच बंद होतो. वाईजमध्ये जर्मनीतला प्राध्यापक तुम्हाला स्वतः शोधून त्याचं आमंत्रणपत्र मिळवावं लागतं, म्हणजे पत्रव्यवहार पावसाळ्यातच सुरू व्हायला हवा. अमेरिकेतल्या 'आरईयू' कार्यक्रमांची नावं इंटरनेटवर सतत दिसतात, पण नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर चालणाऱ्या त्या जागा अमेरिकेचे नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठी असतात. आपल्या मुलांनी त्यात वेळ घालवू नये.

पात्रता वाचताना

सगळ्यात जास्त अर्ज एका शब्दावर बाद होतात: 'प्री-फायनल'. त्याचा अर्थ शेवटून दुसरं वर्ष. तीन वर्षांच्या बीएस्सीत ते एसवाय, दोन वर्षांच्या एमएस्सीत पहिलं वर्ष, चार वर्षांच्या पदवीत तिसरं. हे वर्ष अर्ज भरतानाचं मोजायचं की उन्हाळ्यात काम सुरू होतानाचं, ते प्रत्येक जाहिरातीत वेगळं लिहिलेलं असतं. ते वाक्य दोनदा वाचा. टीवायला असताना अर्ज केला आणि जुलैत तुमचं कुठल्याच महाविद्यालयात नाव नसेल, तर काही संस्था घेत नाहीत.

दुसरी अट गुणांची. बऱ्याच ठिकाणी दहावीपासूनचे गुण मागतात आणि किमान टक्केवारी सांगतात. सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर स्वतःच्या मनाने करू नका. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र मार्कशीटच्या मागच्या बाजूला किंवा परीक्षा विभागाच्या परिपत्रकात असतं, तेच वापरा आणि त्याची प्रत जोडा. एखाद्या विषयात केटी असेल तर लपवू नका. मार्कशीट जोडायचीच असते, तिथे ती दिसतेच.

तिसरी अडचण आपल्याकडची नेहमीची. संस्थेचं काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतं आणि आपल्या विद्यापीठांच्या परीक्षा कधी कधी जूनपर्यंत लांबतात. केवळ या भीतीने अर्ज न करणारी मुलं मी पाहिली आहेत. तसं करू नका. अर्ज करा, आणि निवडीचं पत्र आलं की त्याच दिवशी गाईडला वेळापत्रक जोडून मेल टाका. बरेच शास्त्रज्ञ आठ-दहा दिवस पुढेमागे करून देतात. ज्या कार्यक्रमात सगळ्यांनी एकाच दिवशी हजर व्हायचं असतं तिथे मात्र सवलत मिळत नाही, ते जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं.

कागदपत्रं

दहावी-बारावीची मार्कशीट, आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, महाविद्यालयाचं बोनाफाईड, ओळखपत्र, फोटो, सही आणि एक पानाचा बायोडेटा. हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक फाईलला नाव द्या. पोर्टलवर फाईलच्या आकाराची मर्यादा असते, म्हणून लहान आकाराची एक प्रत आधीच करून ठेवा. मोबाईलवर घेतलेला, कोपऱ्यात अंगठा दिसणारा फोटो चालेल असं समजू नका. काही संस्था प्राचार्य किंवा विभागप्रमुखांचं ना-हरकत पत्र मागतात. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालय बंद असतं, त्याआधीच ते घेऊन ठेवा.

शिफारसपत्र

आता बहुतेक ठिकाणी शिफारसपत्र तुमच्या हातात दिलं जात नाही. अर्जात शिक्षकांचं नाव आणि ईमेल लिहिला की पोर्टलकडून त्यांना एक लिंक जाते आणि ते पत्र थेट तिथे टाकतात. इथेच घात होतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज सगळ्या अंगांनी पूर्ण होता. मला आलेली लिंक स्पॅममध्ये जाऊन पडली होती, आणि मी ती पाहिली तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. तिने मला आठवण करायला संकोच केला होता. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला सारखं कसं विचारणार?" तेव्हापासून मी वर्गात सांगते: विचारायचं. मुदतीच्या तीन आठवडे आधी प्रत्यक्ष भेटून विनंती करायची, एक आठवडा आधी आठवण करायची, आणि पोर्टलवर 'पत्र मिळालं' असं दिसेपर्यंत विचारत राहायचं. त्यात उद्धटपणा काही नाही.

विनंती करायला जाताना शिक्षकांना एक पान द्या. कुठल्या कार्यक्रमाला अर्ज करताय, मुदत कधी, त्यांच्याकडे कुठला विषय शिकलात, प्रयोगशाळेत काय केलंत. पत्र कोणाचं घ्यायचं याचा विचार हुद्द्यावरून करू नका. तुम्हाला नावाने न ओळखणाऱ्या प्राचार्यांच्या चार गोड ओळींपेक्षा, तुम्ही टायट्रेशन तिसऱ्यांदा का केलंत हे पाहिलेल्या प्रॅक्टिकलच्या सरांचं पत्र कितीतरी वजनदार असतं. निवड करणारे शास्त्रज्ञ अशी पत्रं ढिगाने वाचतात. 'मेहनती आणि नम्र' हे शब्द त्यांच्या नजरेत भरत नाहीत.

टिपण

"उन्हाळ्यात तुम्हाला काय करायचं आहे?" या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात, कधी जेमतेम शे-दीडशे शब्दांत लिहायचं असतं. दहापैकी आठ मुलं 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' इथून सुरुवात करतात. ते खरं असतं, पण ते सगळ्यांचंच खरं असतं.

एका मुलाचं टिपण मला अजून आठवतं. पहिल्या खर्ड्यात त्याने नॅनो तंत्रज्ञान, कॅन्सर आणि हरित ऊर्जा या तिन्हींवर काम करायची इच्छा व्यक्त केली होती. मी त्याला विचारलं, यंदा प्रॅक्टिकलमध्ये कुठली गोष्ट तुला पटली नाही? तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, क्रिस्टल व्हायोलेटचा प्रयोग. त्या जांभळ्या रंगात सोडियम हायड्रॉक्साईड घातलं की रंग हळूहळू उडतो, कलरीमीटरवर दर मिनिटाला वाचन घ्यायचं आणि अॅब्सॉर्बन्सच्या लॉगचा आलेख काढायचा. पुस्तकात सरळ रेष येते. त्याची रेष सुरुवातीला सरळ होती, नंतर वाकत गेली. दुपारी खोली तापली म्हणून वेग बदलला, की अल्कली पुरेसं जास्त नव्हतं? त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी दुप्पट अल्कली घेऊन प्रयोग पुन्हा केला होता, आणि हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, हेच लिही. अभिक्रियांचा वेग मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं आहे, असं शेवटी एका वाक्यात जोड. त्याची निवड झाली.

इंग्रजीची धास्ती असेल तर आधी मराठीत लिहा. काय केलं, काय दिसलं, काय समजलं नाही, पुढे काय शिकायचं आहे, एवढं सरळ उतरवा आणि मग इंग्रजीत आणा. छोटी, बिनचूक वाक्यं पुरतात. कुठून तरी उचललेली किंवा एआयकडून लिहून घेतलेली गुळगुळीत भाषा ओळखू येते, आणि मुलाखत झालीच तर पहिला प्रश्न त्याच वाक्यावर येतो.

थेट मेल, आणि पैसे मागणाऱ्या जाहिराती

कार्यक्रमात निवड झाली नाही तरी एक वाट उरते: एखाद्या शास्त्रज्ञाला थेट मेल करणं. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. पाच जण निवडा, प्रत्येकाचा एखादा शोधनिबंध निदान सारांशापुरता वाचा आणि त्यातला तुमचा प्रश्न दोन ओळींत लिहा. सोबत बायोडेटा, मार्कशीट आणि मोकळ्या असलेल्या तारखा. या वाटेने गेलात तर स्टायपेंड सहसा मिळत नाही, राहण्याची सोयही स्वतः बघावी लागते.

नाव न ऐकलेल्या कंपन्या हजारो रुपये घेऊन 'रिसर्च इंटर्नशिप' आणि प्रमाणपत्र विकतात, त्यांच्यापासून दूर राहा. वर सांगितलेल्या फेलोशिपमध्ये संस्था विद्यार्थ्याला पैसे देते.

ज्यांना केंद्र सरकारची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वर्षाच्या ८०,००० रुपयांपैकी २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. प्रकल्पाचा अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र पोर्टलवर चढवल्याशिवाय ते मिळत नाहीत.

निवड झाल्यावर

पत्र आलं की दिलेल्या मुदतीत होकार कळवा. दोन ठिकाणी निवड झाली तर एक निवडा आणि दुसरीकडे त्याच दिवशी नकार पाठवा. प्रतीक्षायादीतलं कोणीतरी त्या जागेची वाट बघत असतं. गाईडला मेल करून आधी काय वाचून यायचं ते विचारा, हॉस्टेलची चौकशी लगेच करा. रुजू होताना मूळ मार्कशीट, ना-हरकत पत्र, बँकेच्या पासबुकाची किंवा रद्द केलेल्या धनादेशाची प्रत लागते. काम संपल्यावर अहवाल द्यायचा असतो, त्यावर गाईडची सही तिथून परत निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी घ्या. शास्त्रज्ञ जूनमध्ये परिषदांना गेलेले असतात.