घरी असलेला पायलट सुट्टीवर नसतो

आमच्या रामबागेत माझ्या भाच्याबद्दल एक समज कित्येक वर्षं फिरतोय. तो शिकागोहून विमान उडवतो. 'रिझर्व्हवर असला की घरी लोळायचं, आणि उडाला नाही तर पगार बुडाला.' दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्याच्या आईला त्या ऐकून उगाच घोर लागतो.

रिझर्व्ह म्हणजे ठरलेल्या वेळेत बोलावणं येईल म्हणून तयार राहणं. अमेरिकी नियमाप्रमाणे हा काळ सलग १४ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. फोन आला की कंपनीनुसार साधारण दोन तासांत विमानतळावर हजर. गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर पाहिलं, इस्त्रीचा शर्ट दाराला टांगलेला, बॅग भरलेली. "आत्या, आंघोळीलाही फोन आत नेतो," म्हणाला. उड्डाणाआधी ८ तास दारू वर्ज्य, तेव्हा पार्टीचा प्रश्नच नाही. विमानतळावरच थांबायला सांगितलं, तर तो वेळ थेट ड्युटीतच धरतात.

आता पगार. पायलटला पैसे मुख्यतः उड्डाणाच्या तासांवर मिळतात, गैरसमज इथूनच सुरू होतो. पण तिथल्या करारांत रिझर्व्हवाल्यांना महिन्याला ठरावीक तासांची हमी असते, बहुतेक ठिकाणी ७० ते ८०च्या आसपास. समजा हमी ७५ची आणि उडाला ४० तास, तरी पैसे ७५चेच. ८२ झाले तर वरचे ७ वेगळे मिळतात. बोलावणं आलं तेव्हा मात्र फोन उचललाच नाही, तर हमीतून कापलं जातं.