आंब्याच्या पेटीत पुडी म्हणजे विष? नाही हो

दर एप्रिलला नेरुळच्या आमच्या सोसायटी ग्रुपवर तोच मेसेज, वाशी मार्केटचे आंबे केमिकलने पिकवलेत, खाऊ नका. अहो पण कुठलं केमिकल ते तरी सांगा ना! फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे आणि ती बरोबरच आहे, त्यातून ॲसिटिलीन गॅस निघतो, वर आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वेगळा, हा गॅस आंबा पिकताना स्वतःच सोडतो, अढीत आंबे पिकतात ते त्यामुळेच, आणि रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, हाच गॅस 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) वापरायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची, परवानगी आहे. इथिलीनची पुडीपण चालते, फक्त ती फळाला थेट लागता कामा नये. सासूबाईंनी मेसेज वाचून घाबरून अख्खा डझन हापूस फेकला, खूप वाईट वाटलं. यंदा त्यांना हे सगळं नीट समजावून सांगितलंय.