माळ्यावरचा कॉम्प्युटर

आत्याच्या घरी २०१२ सालचा एक डेस्कटॉप आहे. कोअर आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबलं की स्क्रीनवर माउस हलायला पावणेचार मिनिटं लागायची. तेवढ्यात आत्याचा चहा उकळून गाळून व्हायचा. "म्हातारा झाला गं तो, भंगारात देऊन टाकू," असं ती म्हणाली, तेव्हा मी स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

प्रोसेसर माणसासारखा म्हातारा होत नाही. आतली धूळ झाडली, पंखा नीट फिरत असला, की ३.१ गिगाहर्ट्झची ती चिप आजही सेकंदाला ३१० कोटी ठोके देते, पहिल्या दिवशी देत होती तितकेच. मग वेळ जातो कुठे?

हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण बारा-तेरा. विखुरलेल्या ठिकाणांवरून वाचायचं असेल तर सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे हाती लागतात, आणि कॉम्प्युटर सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात.

रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती ठेवायची जागा, हा स्वयंपाकाचा ओटा समजा आणि सगळं साठवून ठेवणारी हार्ड डिस्क माळा. ओट्यावरचा डबा उचलायला १ सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच प्रमाणात माळ्यावरून डबा काढायला ३३ तास लागतील. हा फरक खरोखर एवढा, लाखाच्या घरातला आहे. ओटा लहान पडला की कॉम्प्युटर अर्धे डबे माळ्यावर ठेवतो आणि दर मिनिटाला शिडी लावतो. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरचे दहा टॅब उघडले की हेच चालू असतं.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवता येते. ती माहिती चिपमध्ये साठवते, तिच्यात फिरणारा भागच नाही. आपल्या हिशेबात ३३ तासांची वाट सतरा-अठरा मिनिटांवर येते. म्हणून पैसे घालायचेच तर पहिले एसएसडीत घाला, मग रॅममध्ये. रॅम घेताना जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या, कारण डीडीआर-३ या जुन्या पिढीच्या रॅमच्या जागी नवी डीडीआर-४ बसत नाही, खाचच वेगळ्या ठिकाणी असते. आत्याच्या मशीनला दोन्ही बसवलं, आणि ते पाऊण मिनिटात सुरू व्हायला लागलं.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ एवढा जुना प्रोसेसर स्वीकारत नाही. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मी घरातल्या सगळ्यांना बजावून सांगते. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालते. आम्ही तिची हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती घेतली. आधी ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, डिस्कला हात लागत नाही. आवाज, वाय-फाय, प्रिंटर, मराठी कीबोर्ड सगळं तपासलं, आत्याच्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवली, मगच ती बसवली.

तरी एकही वेबसाइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'जोडणी सुरक्षित नाही'. मी तासभर वायफायला दोष देत बसले, आणि मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २०१२. मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवर, नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. वीज बंद असताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला की मशीन भूतकाळात जागं होतं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. २०१२ मध्ये उभ्या असलेल्या कॉम्प्युटरला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं दिसत नाही. सेल बदलला, तारीख लावली, काम झालं. किती चांगली मशीनं एवढ्याशा सेलपायी भंगारात गेली असतील, याचं मला फार वाईट वाटतं. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासानुसार तेव्हाचा एक डेस्कटॉप आणि त्याचा मॉनिटर तयार करायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन आणि दीड टन पाणी लागायचं.

अशा मशीनचा घरगुती सर्व्हर करून ते चोवीस तास चालू ठेवावं, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. ६० वॉट घेणारं मशीन महिनाभर चालू राहिलं तर ४३ युनिट वीज खातं. त्या कामाला ५-१० वॉटचं छोटं यंत्र बरं.

आत्याकडे मात्र त्याला नेमकं काम मिळालं. तिचा जुना स्कॅनर नव्या लॅपटॉपवर चालत नव्हता, कारण कंपनीने त्याचा ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर आणि कॉम्प्युटरची गाठ घालून देणारा प्रोग्राम, काढणं थांबवलं होतं. लिनक्सने तो लगेच ओळखला. आता दुपारी ती आजोबांची मोडीतली पत्रं एकेक करून काचेवर ठेवते. ए-४ आकाराचं पान इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केलं की सुमारे ८७ लाख ठिपके होतात. तेवढं सांभाळायला त्या आय-थ्रीला काहीच जड जात नाही. दिवा पानाच्या टोकाला पोचतो न पोचतो, तोच आजोबांचं अक्षर स्क्रीनवर आलेलं असतं.